घाटाची चौथी पायरी

तुम्ही दोघांनी परवा घरच्या ग्रुपवर जो फोटो पाठवलात, त्याला मी काहीच उत्तर दिलं नाही. म्हणून तुमच्या आईने फोन करून विचारलं, की आजीची तब्येत बरी आहे ना. तब्येत बरी आहे. मला राग आला होता, आणि अजून गेलेला नाही. तो तुमच्यावर नाही, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

फोटो कृष्णेच्या घाटाचा आहे. संध्याकाळची वेळ, पायऱ्यांवर जांभळे-हिरवे दिवे, स्टीलचं रेलिंग, आणि मधोमध माणसापेक्षा उंच लाल अक्षरांत गावाचं नाव, शेजारी बदामाचं चित्र. खाली तुम्ही विचारलंत, आजी, तू खरंच इथे राहत होतीस? किती सुंदर आहे!

राहत होते. पावणेतीन वर्षं. आणि त्या फोटोत जे सुंदर दिसतं आहे, त्यात माझा हात आहे. कसा, ते सांगते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे, तरी हे मराठीतच लिहिणार. इंग्रजीत लिहून मी एकदा फार मोठं नुकसान केलेलं आहे.

ठाकूरद्वारची आमची वाडी पाडून तिथे टॉवर बांधायचं ठरलं, तेव्हा सगळ्या बिऱ्हाडांना बाहेर पडावं लागलं. कोणी डोंबिवलीला गेलं, कोणी विरारला. तुमचे आजोबा म्हणाले, आपण माझ्या गावी जाऊ, चुलतभावाच्या घराच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, खिडकीतून नदी दिसते. मी हो म्हटलं. गाव लहान, जुनं, देवळांचं. घाट कुणा सरदाराने बांधलेला, अशी पाटी आहे. रविवारी कॅमेरे घेऊन माणसं येत. मला ते आवडायचं. लोक बघायला येतात तिथे आपण राहतो, याची थोडी ऐटही होती.

आता माझ्याबद्दल थोडं. मी फोर्टमधल्या एका कचेरीत बत्तीस वर्षं साहेबांची पत्रं लिहिली. माझ्या मसुद्यात कधी कुणाला स्वल्पविरामही बदलावा लागला नाही. आणि आमच्या वाडीत तर अर्ज हेच हत्यार होतं. पाणी कमी आलं, अर्ज. कचऱ्याचा डबा फुटला, अर्ज. आमच्याकडे लोक भांडायच्या आधी अर्ज लिहीत, आणि बहुतेक अर्ज मी लिहिलेले असत. तीन प्रती, पोच घेतलेली, फाइलला लावलेली. त्यातून कामं व्हायची, म्हणून माझी समजूत झाली, की नीट लिहिलं की जगात काहीही नीट होतं.

गावी माझ्या खिडकीसमोर घाट होता, आणि घाटावर रोज सकाळी आक्का असायची.

आक्का आमच्या गल्लीतच, तीन घरं सोडून राहायची. साठीची, काटक, विधवा. ती गल्लीतल्या गोधड्या धुवायची. तुम्हाला गोधडी माहीत आहे. तुमच्या पाळण्यात मी घातलेली होती. जुन्या साड्यांचे थर शिवून केलेली. ती भिजली की एका बाईला उचलत नाही. आक्का मात्र एकटीने पिळायची. एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबायची आणि दुसरं टोक पीळ देत स्वतःभोवती फिरवायची. ज्या बायकांचे गुडघे गेलेले, त्या सगळ्यांच्या गोधड्या तिच्याकडे. धुवून झाल्या की घाटाच्या तापलेल्या दगडावर पसरायची, चार कोपऱ्यांना चार गोटे. कुठली गोधडी कोणाच्या घरची, हे ती ठिगळांवरून सांगायची.

बसायची ती कायम चौथ्या पायरीवर, पाण्यापासून चौथ्या. त्या पायरीला मधोमध खळगा पडलेला होता. सासूने तिथे चाळीस वर्षं धुणं आपटलं आणि नंतर तिने.

मी खिडकीतून काय पाहिलं? पाण्यावर साबणाचा फेस. पायरीच्या कडेला शांपूच्या रिकाम्या पुड्या. ऐतिहासिक घाटावर वाळत घातलेली चिरगुटं. हा शब्द मी तेव्हा मनात वापरला होता, लाज वाटते, पण लिहिते. सहा महिने पाहिलं. तीन घरं सोडून राहणाऱ्या बाईकडे जाऊन, तुला इथे काय लागतं, असं एकदाही विचारलं नाही. त्याऐवजी टेबलाशी बसले आणि नगरपालिकेला पत्र लिहिलं. इंग्रजीत, कारण इंग्रजी पत्राला उत्तर लवकर येतं, हा मुंबईचा अनुभव.

पत्रात दोन परिच्छेद होते. पहिल्यात, घाटाचं ऐतिहासिक महत्त्व आणि धुण्यामुळे होणारी अस्वच्छता. दुसऱ्यात, घाटाच्या शेजारी दगडी फरश्या घालून, पाण्याची सोय करून, धुण्यासाठी वेगळी जागा बांधावी, अशी विनंती. माझ्या मते ते अगदी न्याय्य पत्र होतं. आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आक्काला विचारलंस का?" मी म्हटलं, तिच्या सोयीचंच तर लिहिलं आहे. ते पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागले. तुमच्या आजोबांनी बोलायचं तिथे गप्प बसण्यात आयुष्य घालवलं, हाही माझा एक राग आहे, पण तो वेगळा.

वर्षभर काही झालं नाही. मग एकदम झालं. रेलिंग आलं, दिवे आले, ती लाल अक्षरं आली. घाटाला फाटक बसलं आणि फाटकावर फलक: येथे कपडे धुण्यास सक्त मनाई आहे. आणि त्याखाली, बारीक अक्षरांत, ज्येष्ठ नागरिकांच्या मागणीनुसार.

ज्येष्ठ नागरिक म्हणजे मी. एकटी.

फलक लागला तो घटस्थापनेच्या आधीचा आठवडा होता. त्या भागात या आठवड्यात दसरा काढतात. म्हणजे घरातलं यच्चयावत अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुवायचं, घर रिकामं करून सारवायचं किंवा रंगवायचं, आणि मग देवीचे घट बसवायचे. घरात मळकी गोधडी असली तर घट बसत नाहीत. आक्काकडे त्या आठवड्यात चौदा घरांच्या गोधड्या यायच्या. सकाळी मी खिडकीतून पाहिलं तर ती डोक्यावर गाठोडं घेऊन फाटकाबाहेर उभी, मागे अजून दोन गाठोडी जमिनीवर, आणि पहारेकरी फाटकाच्या आत खुर्चीवर. ती भांडत नव्हती. फलक तिला वाचता येत नव्हता, तो तिला पहारेकऱ्याने वाचून दाखवला होता, बारीक अक्षरांसकट.

मी खाली गेले. म्हटलं, आक्का, मी वेगळी जागा बांधा असं लिहिलं होतं, दुसऱ्या परिच्छेदात आहे.

तिने गाठोडं खाली ठेवलं. "बाई, तुमी शिकलेल्या. आमी बोलतो ते वाऱ्यावर जातं. तुमी लिवता ते फळीवर चढतं. जरा इचारायचं तरी."

ती गाठोडं डोक्यावर घेऊन घराकडे वळली.

त्याच दिवशी मी नगरपालिकेत गेले. तिथले अधिकारी उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. फाइल काढली, त्यात माझं पत्र. कोणीतरी त्याला प्लास्टिकचं आवरण घातलेलं होतं. म्हणाले, "मॅडम, तुमच्या पत्रामुळेच काम मंजूर झालं. इतकं सुंदर इंग्रजी आमच्याकडे कोण लिहितं? प्रस्तावाला हेच जोडलं आम्ही."

मी विचारलं, दुसरा परिच्छेद?

"तो पुढच्या टप्प्यात."

पुढच्या टप्प्याची तारीख ठरलेली नव्हती, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. मी म्हटलं, वेगळी जागा होईपर्यंत फाटक उघडं ठेवा. ते म्हणाले, "कसं उघडणार मॅडम? तक्रार तुमचीच आहे." चहा आला तेव्हा मी उठले होते.

मी दुसरा अर्ज केला, या वेळी मराठीत. नंतर तिसरा, पोच घेऊन. त्यांना प्लास्टिकचं आवरण मिळालं नाही.

तुम्ही म्हणाल, आक्काने दुसरीकडे धुवायचं. कुठे? घरी नळ दिवसातून तासभर यायचा. घाटाच्या वरच्या अंगाला काठ म्हणजे नुसता चिखल. खालच्या अंगाला स्मशान. तिथल्या पाण्यात दसऱ्याचं अंथरूण कोण धुवेल? त्या वर्षी आठ-नऊ घरांनी गोधड्या तशाच गुंडाळून माळ्यावर टाकल्या आणि बाजारातून चिनी ब्लँकेटं आणली, गुळगुळीत, वाघाचं चित्र असलेली. तीही घटस्थापनेला चालतात, असं सगळ्यांच्या लक्षात आलं. एकदा लक्षात आलं की संपलं. सकाळी गल्लीत बायका आक्काच्या दारात थांबायच्या, कोणाचं काय फाटलं, कोणाची सून माहेरी गेली, ते बोलत. त्या थांबेनाशा झाल्या. तिच्या दाराशी आणायला काही उरलं नव्हतं.

आणि फेस? फाटक लागून महिना झाला तरी पाण्यावर फेस होताच. मी एका सकाळी काठाने वर चालत गेले. घाटाच्या वरच्या बाजूला, वळणाआड, गावाचा सगळा नाला नदीत उतरतो. फेस तिथून येत होता. पुड्या रविवारी आंघोळीला येणारी माणसं टाकत होती, जी फोटो काढायलाही थांबत होती. त्यांना फाटक नव्हतं. फाटक सकाळी सहा ते आठ फिरायला येणाऱ्यांसाठी आणि संध्याकाळी दिवे पाहायला येणाऱ्यांसाठी उघडं असे. धुणाऱ्या बाईसाठी ते बंद होतं. आक्का गोधड्यांना रिठ्याचं पाणी वापरायची. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. तिचं दार आणि माझी माडी यांच्यात तीन घरं होती.

दुसऱ्या वर्षी घटस्थापनेच्या आधी मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, उद्या सकाळी सहाला चल, माझी गोधडी घेऊन. ती म्हणाली, दंड लावत्यात. मी म्हटलं, लावू देत.

गेलो. फाटक उघडंच होतं. चौथ्या पायरीवर बसलो, ती खळग्यात, मी बाजूला. मला काही येत नव्हतं. मी नुसतं पाणी ओतत होते आणि ती हसत होती, "बाई, देवाला न्हाऊ घालताय जणू." पहारेकरी आला. मी त्याला म्हटलं, "दंड माझ्या नावावर लिहा. त्या फलकावरची ज्येष्ठ नागरिक मीच आहे." त्याने फलकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो फाटकाशी जाऊन बसला. आम्ही पूर्ण गोधडी धुतली. दोघींनी पिळली.

मला वाटलं, झालं. परतताना आक्का म्हणाली, "आज तुमी व्हता म्हणून त्यो गप बसला. तुमी चार म्हयन्यांनी ममईला जाणार."

चार महिन्यांनी गेलोच. टॉवर तयार झाला होता.

आता आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो, हे तुम्हाला माहीत आहे. गेल्या आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. सभ्य माणूस आहे, वाडीतल्याच एका जुन्या बिऱ्हाडाचा मुलगा. म्हणाले, "काकू, एक नोटीस हवी होती. बाहेरच्या रेलिंगवर कपडे वाळत घालू नयेत, इमारतीची शोभा जाते. फक्त चार ओळी, तुमच्या इंग्रजीत."

मी विचारलं, मग कुठे घालायचे? तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात तर ऊनच येत नाही.

"ते बघू नंतर."

"नंतरचं आधी करा," मी म्हटलं. "गच्चीवर दोऱ्या बांधा, गच्चीची चावी त्यांना द्या. मग त्या दोघांना विचारा, पुरतं का. ते हो म्हणाले तर मला बोलवा." त्यांना वाईट वाटलं. आजोबा आतून म्हणाले, जरा हळू बोल. मी हळू बोलले नाही. नोटीस दुसऱ्या कोणीतरी लिहिली, वाईट इंग्रजीत, ती लिफ्टमध्ये लागली आहे. मी माझी गोधडी रेलिंगवरच घालते.

काल तुमचा फोटो पुन्हा पाहून मी आक्काला फोन केला. विचारलं, पुढचा टप्पा झाला का. ती म्हणाली, कसला टप्पा? आता तिच्याकडे एकाच घरची गोधडी येते, तिच्या स्वतःच्या. मी म्हटलं, कलेक्टरांना लिहू का?

ती घाईने म्हणाली, "नगं बाई. लिवू नका. यायचं असंल तर या."

तेव्हा घटस्थापनेच्या आठवड्यात मी जाणार आहे. आजोबा गुडघ्यांची आठवण करून देतात, तिकडे मी लक्ष देत नाही. चौदा घरांतल्या निदान चार बायका तरी बरोबर घ्यायच्या, असं ठरवलं आहे. दोघींना फोन करून झाले, एक हो म्हणाली.

तुम्ही तो फोटो मोठा करून पाहा. लाल अक्षरांच्या खाली, पाण्यापासून वर मोजा. चौथ्या पायरीवर मधोमध थोडं पाणी साचलेलं दिसेल. त्यात जांभळा दिवा पडला आहे.