घरट्यावरची मादी कुठे बघत होती

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा वाचून हसलेय. आमच्या घरात कधी कुणाची दृष्टसुद्धा काढली गेली नाही. बाबा नाशिकला पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते, मी एडिनबरामध्ये हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. जे मोजता येत नाही त्यावर बोलायचं नाही, हा बाबांचा नियम. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... तरी लिहिते.

२००६-०७च्या सुमाराची गोष्ट आहे. त्या वर्षी स्कॉटलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर, सॉल्वे फर्थच्या काठी, ऑस्प्रेच्या एका जोडीने घरटं केलं होतं. ऑस्प्रे म्हणजे मासे मारणारा मोठा शिकारी पक्षी. हिवाळ्यात आपल्याकडे धरणांवरही दिसतो. इथे मात्र तो इतका दुर्मिळ, की अंडी चोरणारे लोक टपून असतात. म्हणून घरट्यावर वॉलंटियर्सचा चोवीस तास पहारा असायचा. जागा नेमकी सांगत नाही, कारण तेव्हा ती गुप्त ठेवायची शपथच घातली होती.

पण चित्र डोळ्यासमोर यावं म्हणून सांगते. कुरणाच्या टोकाला एक वाळलेलं पाइनचं झाड, त्याच्या शेंड्यावर काटक्यांचं घरटं. झाडापासून तीनेकशे मीटर मागे आमची लाकडी शेड, तिला हाइड म्हणतात. पुढच्या भिंतीला आडवी फट, फटीत टेलिस्कोप, टेबलावर लॉगबुक. झाडाच्या पलीकडे तारेचं कुंपण, मग खाऱ्या गवताची दलदल, मग नुसता चिखल आणि शेवटी समुद्र. दलदलीत वेड्यावाकड्या नाळी होत्या, म्हणजे भरतीच्या पाण्याने कापलेले खोल चर. भरती आली की पाणी आधी त्या नाळींतून तुमच्या पाठीमागे शिरतं, आणि समोर बघणाऱ्याला कळतही नाही. कुंपणापलीकडे पाऊल टाकायचं नाही, हे मॉइराने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मॉइरा म्हणजे आमची को-ऑर्डिनेटर, तिथलीच, शाळेतून रिटायर झालेली.

माझी शनिवारी दुपारची शिफ्ट असायची. त्या मे महिन्यात बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. आई गेल्यावर पहिल्यांदाच. फ्लॅटमध्ये ते नुसते खिडकीशी बसून राहायचे. मी म्हटलं, चला माझ्याबरोबर. अडीच तास ड्राइव्ह, गुडघ्याचा त्रास, हातात काठी... पण ते आले आणि पहिल्याच दिवशी लॉगबुक ताब्यात घेतलं. दर दहा मिनिटांनी नोंद करायची, हे काम त्यांच्यासाठीच होतं जणू. मॉइराने त्यांना तिसऱ्या शनिवारी स्वतंत्र पेन आणून दिलं.

लॉगबुकमधली ती गोष्ट बाबांच्याच लक्षात आली. वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या दिवशी, जवळजवळ एकच वाक्य लिहिलं होतं — मादी सावध, दक्षिणेकडे दलदलीत बघतेय, कारण दिसत नाही. बाबांनी त्या सगळ्या वेळा एका कागदावर उतरवल्या. रोज पाऊणएक तास पुढे सरकत होत्या. मग त्यांनी माझ्याकडून भरती-ओहोटीचं कोष्टक मागवलं आणि ताडून पाहिलं. भरती आत शिरण्याच्या जरा आधी मादी मान वळवायची, एकाच जागेकडे, वीस-वीस मिनिटं. त्या वेळात मासा घेऊन नर आला तरी घरट्यावर उतरायचा नाही, लांब घिरट्या घालत राहायचा.

मी टेलिस्कोप त्या दिशेला वळवून कितीदा पाहिलं. एका मोठ्या नाळीचं वळण, बाकी काही नाही. बाबा म्हणाले, काहीतरी असणारच, पक्षी उगाच बघत नाही. त्यांना ते कोडं सुटायला हवं होतं. आई गेल्यापासून त्यांना कशात रस घेताना मी पाहिलं नव्हतं, म्हणून मलाही बरंच वाटत होतं.

पाचव्या शनिवारी लख्ख ऊन होतं. अडीचच्या सुमाराला मादीने मान वळवली. पुढच्या शिफ्टचा माणूस येणार की नाही याची खात्री करायची होती, आणि हाइडमध्ये फोनला सिग्नल नसायचा. बाबांना सांगून मी वर गेटपाशी गेले. जाऊन-येऊन पंधरा मिनिटं, जास्त नाही.

परत येताना लांबूनच मादीचं ओरडणं ऐकू आलं. तीक्ष्ण, न थांबणारं. हाइडमध्ये बाबा नव्हते. काठी भिंतीला टेकवलेली, पेनाला टोपण लावलेलं.

फटीतून पाहिलं तर बाबा कुंपणापलीकडे, दलदलीत, पार पुढे गेले होते. आणि ते भराभर चालत होते. ज्यांना जिना चढायला दोनदा थांबावं लागायचं ते बाबा. मी टेलिस्कोपला डोळा लावला. त्यांच्या शेजारी एक माणूस होता. काळपट लांब कोट, अर्धं पाऊल पुढे, एक हात बाबांच्या खांद्यावर. घरातलं मोठं माणूस पाहुण्याला अंगणातून आत नेतं तसा. चेहरा दिसला नाही, माझ्याकडे पाठ होती.

मी पळत सुटले. कुंपण कसं ओलांडलं आठवत नाही, हाताला तार लागली ती नंतर कळली. बाहेर आल्यावर नुसत्या डोळ्यांना फक्त बाबा दिसत होते. पहिल्या नाळीत पाणी घोट्यापर्यंत, दुसऱ्या नाळीत मांडीपर्यंत. म्हणजे भरती मागून शिरली होती. मी बाबा, बाबा म्हणून ओरडत होते. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

मग मादी उठली. तिच्या पोटाखाली तीन अंडी होती, आणि अशा वेळी नर येऊन बसल्याशिवाय मादी जागा सोडत नाही. ती सरळ खाली झेपावली आणि बाबांच्या डोक्यावरून इतक्या जवळून गेली, की त्यांनी हात वर केला. ते थांबले, आजूबाजूला बघितलं आणि मटकन चिखलात बसले. त्यांच्यापुढे दहा पावलांवर ते नाळीचं वळण होतं. पाणी तिथे गोल फिरत होतं.

त्यांना काखेत धरून बाहेर काढताना पाणी माझ्या कमरेपर्यंत आलं होतं. गाडीत हीटर लावून, ब्लँकेट गुंडाळून बसवलं. दातांवर दात वाजत होते त्यांचे. मी रागानेच विचारलं, कुठे निघाला होतात?

"तो म्हणाला, चला, ती कुठे बघते ते दाखवतो."

"कोण तो? आणि तुम्हाला त्याचं इंग्लिश कळलं?"

"इंग्लिश कुठलं? मराठीत बोलला. आपल्या सिन्नरकडचं बोलणं." एवढं बोलून बाबांनी ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून घेतलं. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच तेव्हा कळलं असावं.

लॉगबुकमधली शेवटची नोंद मॉइराने मला दुसऱ्या दिवशी फोनवर वाचून दाखवली. अक्षर बाबांचंच आहे, असं ती म्हणाली. मादी सावध, दक्षिणेकडे बघतेय, नर नाही, दलदलीत दोन माणसं. मॉइराने विचारलं, वडिलांबरोबर दुसरं कोण होतं? पण ही नोंद करताना बाबा हाइडमध्ये बसलेले होते. मग ती दोन माणसं कोण? बाबांना विचारलं तर ते म्हणाले, मी असं काही लिहिलेलं नाही.

मी मॉइराला विचारलं होतं, तिथे कुणी बुडालं होतं का. ती म्हणाली, या किनाऱ्याच्या प्रत्येक कोसावर कुणी ना कुणी बुडालेलं आहे, त्यातून काय कळणार? ते मला पटलं.

बाबांच्या सगळ्या टेस्ट झाल्या. स्मृतिभ्रंश नाही, शुगर नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, उन्हाने, एकटेपणाने, दुःखात माणसाला भास होतात. मान्य. पण मी टेलिस्कोपमधून पाहिलं ते काय होतं? आणि त्या पक्ष्याला कसलं दुःख होतं? जूनमध्ये दोन पिल्लं निघाली, तिसरं अंडं फुटलंच नाही. मादी उठली म्हणून, की असंच, देव जाणे. मी ती शिफ्ट सोडली. या सगळ्याचा अर्थ मला तेव्हा लावता आला नाही, आज तर मी प्रयत्नही करत नाही.

एक शेवटचं सांगते. बाबा नाशिकला परत गेल्यावर पाचेक महिन्यांनी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग त्यांनी विचारलं, "तू तिकडे परत नाही ना जात, समुद्राकडे?"

मी म्हटलं, नाही.

"जाऊ नकोस. त्याने मला विचारलं होतं, बरोबर कोण आलंय म्हणून. मी तुझं नाव सांगितलं गं. घरातलं, लहानपणीचं. आपलाच माणूस वाटला."