चौदा सेकंदांच्या सिस्टर

वॉर्डात त्यांना सगळे ‘मोठ्या सिस्टर’ म्हणत. सव्वीस वर्षं नोकरी झालेली, आवाज खणखणीत. नव्या मुली त्यांच्या हाताखाली तयार होत आणि पाठीमागे त्यांची नक्कलही करत. ते त्यांना ठाऊक होतं. नक्कल धड जमत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती.

नऊ नंबरच्या खाटेवर एक म्हातारे मास्तर होते. जन्मभर भूगोल शिकवला आणि आता आपण कुठे आहोत हेच उमगत नव्हतं. नाकातून पोटात घातलेल्या नळीवाटे त्यांना अन्न जायचं, आणि मास्तर ती नळी उपसून काढायचे. एकदा रक्त आलं, तेव्हा डॉक्टरांनी हात बांधायला सांगितलं. मास्तरांच्या लेकीने कागदावर सही केली. “बांधा, पण तुम्हीच बांधा,” ती सिस्टरांना म्हणाली. सिस्टरांनी मनगटाला आधी कापूस गुंडाळला, वर मऊ पट्टी, आणि गाठ अशी मारली की दोन बोटं सहज आत जावीत.

शेजारच्या खाटेकडे आलेल्या कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. चौदा सेकंद. म्हातारा ओरडतोय, एक बाई त्याचा हात दांडीला बांधतेय आणि म्हणतेय, “गप पडा बघू.” कापूस त्यात दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवसापर्यंत लाखोंनी ते पाहिलं. कुणी त्यांना राक्षसीण म्हटलं, कुणी घरचा पत्ताच टाकला. नवरा बस चालवायचा, डेपोत एकाने त्याला विचारलं, “घरी तुम्हालाही बांधतात का हो?” तो हसला, आणि घरी येऊन कितीतरी वेळ पायातले बूटही न काढता बसून राहिला. वरच्या साहेबांनी सिस्टरांना बोलावून सांगितलं, “प्रकरण निवेपर्यंत घरी बसा. आमचा विश्वास आहे तुमच्यावर, पण तसं लिहून नाही देता येणार.”

मग त्या व्हिडिओखाली मास्तरांच्या लेकीने लिहिलं, ‘बाबांना बांधतात हे मला माहीतच नव्हतं. मी हादरून गेलेय.’

वॉर्डातल्या एका मुलीने सहीच्या कागदाचा फोटो गुपचूप पाठवला. सिस्टरांची लेक फोन घेऊन उभी राहिली. “आई, टाकते हा. नावासकट.”

“नको.”

“का पण?”

“आत्ता माझ्यावर तुटून पडलेत, मग तिच्यावर पडतील. माणसं तीच, दगडही तेच.”

“पडू देत की.”

“तिचा बाप आजारी आहे गं.”

लेक दोन दिवस बोलली नाही. खरं तर सिस्टरांनाही तो फोटो टाकावासा वाटत होता. दुपारी एकटीने उघडून त्या सहीकडे बघत बसायच्या. ते चौदा सेकंदही त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले. आपला आवाज खरंच इतका कडक आहे? मास्तरांनाही तो असाच ऐकू येत असेल?

सात आठवड्यांनी चौकशी संपली. दोष नाही, असं दोन ओळींचं पत्र आलं. सिस्टरांच्या लेकीने ते नेटवर टाकलं. नात्यातल्या अकरा जणांनी पाहिलं.

त्याच आठवड्यात मास्तरांची लेक सिस्टरांच्या घरी आली. “मी घाबरले होते. लोक म्हणाले असते, पोटच्या पोरीने बापाला बांधायला लावलं.”

“म्हणाले असते,” सिस्टर म्हणाल्या.

“आता भीतीपोटी कुणी बांधतच नाही. नळी चारदा निघाली. छातीत अन्न गेलंय त्यांच्या. तुम्ही या ना परत.”

“सही तुझी होती, हे सांगशील लोकांना?”

ती पिशवी उचलून उठली. सिस्टरांनी पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी त्या कामावर गेल्या. मास्तरांचा हात नळीकडे जात होता. सिस्टरांनी खिशातून पट्टी काढली, आणि आजूबाजूच्या खाटांकडे पाहिलं. कुणाचाही फोन वर नव्हता. तरी गाठ मारवेना. मग पूर्ण पाळीभर त्या मास्तरांचा हात हातात धरून बसल्या आणि बाकीच्या खाटांसाठी नव्या मुलींची दमछाक झाली. रोज असं बसता येणार नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं?

पुढच्या आठवड्यात त्यांनी भांडार विभागात बदली मागितली. तिथे चादरी, पट्ट्या, औषधांचे खोके असतात, माणसं नसतात. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. उभ्या नोकरीत त्यांचं दुसरं कुठलंच काम इतक्या झटपट झालं नव्हतं.