केसांसाठीचा दिवा

स्टुडिओत तीन दिवे लावून फोटो काढायचा असला की मी ते एकेक करून मोजतो. एक चालू, बाकीचे बंद. उजेड मोजायचा छोटा मीटर समोरच्याच्या हनुवटीखाली धरायचा, फ्लॅश मारायचा, आकडा बघायचा. आयुष्यभर हेच करत आलो.

काल खुर्चीत माझी धाकटी बहीण शकू बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. पुढच्या आठवड्यात तिचं ऑपरेशन आहे. "त्याआधी एक चांगला फोटो काढ दादा," म्हणाली. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

बाजूचा दिवा एकटाच लागला तेव्हा तिच्या गालात खड्डा दिसला. समोरचा लावला, तर डोळ्यांखालचं काळं उघडं पडलं. मी दिवे पुढे ओढले, मागे सारले, पुन्हा पुन्हा मोजले. कुठल्या तरी आकड्यावर माझी पूर्वीची शकू सापडेल, असा खुळा हट्ट.

"आणि तो मागचा दिवा कशाला रे?"

"केसांसाठी," सवयीने बोलून गेलो.

तिने सावकाश रुमाल सोडला. "मग मोज की."

मीटरला पडणारा उजेड तेवढा कळतो. तो कशावर पडतोय, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. तिच्या उघड्या डोक्याजवळ मी तो धरला आणि फ्लॅश मारला. आठ. तिच्या लग्नाआधी, कमरेपर्यंत वेणी होती तेव्हा, याच खुर्चीत आला होता तोच आकडा.