आल्या पावली परतणारा करंट

मीटर वाचणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साचतात. पोस्टमन दारातून परत जातो, डॉक्टर आजारपणातच येतो. मीटरवाला मात्र दर महिन्याला थेट माजघरात. त्याला पाहून कोणी भांडणसुद्धा थांबवत नाही! एकोणीसशे पन्नास सालानंतर मी चांद्याला हेच काम करत होतो. त्यातले काही महिने तर असे गेले, की एक किस्सा सांगून होईपर्यंत दुसरा घडलेला असायचा. गावातला जुना डीसी करंट जाऊन एसी येत होता, त्या वेळची ही गोष्ट.

डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारा. एसी क्षणात पुढे जातो, क्षणात मागे येतो. आमचा लाइनमन तुकाराम डीसीला 'सीधा' म्हणायचा आणि एसीला 'येरझाऱ्या'. बहुतेकांना या बदलाची गंमत वाटत होती. रहीमभाईंना मात्र झोप नव्हती. बाजारात त्यांचं भांड्यांवर निकेलचा मुलामा चढवायचं दुकान होतं, आणि ते सगळं सीध्या करंटवर चालायचं.

* * *

ऑफिसने दवंडी पिटवली, की पंखे, रेडिओ तपासून घ्या. कागदावर 'दिशा बदलणारा प्रवाह' असं काहीतरी होतं. ते दवंडीवाल्याच्या जिभेला पेलेना. त्याने आपल्या परीने सोपं केलं: "उद्यापासून करंट उलटा येऊन राह्यला हो!"

दुसऱ्या दिवशी परकोटाजवळच्या एका म्हातारीने मला थांबवलं. तिने बल्ब काढून फडक्यात गुंडाळून ठेवला होता. हा आता घरातला उजेड ओढून तर घेणार नाही, अशी तिला धास्ती. मी सांगितलं, आजी, बल्बला काही फरक नाही, करंट येवो की जावो, तार तापते आणि उजेड पडतो.

तिने विचार केला आणि म्हणाली, "मंग बाबू, उलटं कोनाले म्हनावं?"

मी मीटर वाचायला लागलो.

* * *

एका वकीलसाहेबांचा पंखा सीध्या करंटचा होता. त्यांनी दवंडी ऐकली, पण कायद्याने आपल्यावर बंधनकारक नाही असं ठरवलं. एसी आला तेव्हा पंखा गुरगुरायला लागला आणि पाती जागची हलेनात. मी गेलो तर साहेब घामाघूम होऊन वर बघत बसलेले.

"अगदी आमच्या कोर्टासारखं झालंय," ते म्हणाले. "आवाज भरपूर, काम पुढे सरकत नाही."

* * *

गावाबाहेरच्या भातगिरणीत नवी एसी मोटर बसली. बटण दाबलं तर ती उलटी फिरायला लागली. मालकाने ताबडतोब गिरणी बंद केली, पुजारी बोलावला, नारळ फोडायची तयारी केली. तुकारामाला ठाऊक होतं, की मोटरच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की ती सरळ फिरते. मंत्र चालू असताना मागे जाऊन त्याने तेवढं केलं.

नारळ फुटला, मोटर सरळ फिरली. मालकाने पुजाऱ्याचे पाय धरले. आणि पुजाऱ्याने हळूच तुकारामाला विचारलं, "माझ्या घरचा पंपही उलटा फिरते गा. कधी येतोस?"

* * *

रहीमभाईंचं मात्र तुकारामाच्या पक्कडीने भागण्यासारखं नव्हतं. मुलाम्याच्या हौदात एका बाजूला निकेलची पट्टी, दुसऱ्या बाजूला भांडं. करंट एकाच वाटेने गेला तर पट्टीवरचं निकेल सुटतं आणि भांड्यावर बसतं. एसी सुरू झाल्यावर त्यांनी सकाळी एक तबक सोडलं आणि दुपारी काढलं. गेलं तसंच बाहेर आलं.

"बाबूजी, येताना देते, जाताना घेऊन जाते," ते मला म्हणाले. "असा पाव्हना मले कशाले?"

लग्नसराई तोंडावर होती. भांडी परत जायला लागली. बापाच्या वेळचं दुकान, आणि रहीमभाई पाटी उतरवायची भाषा करायला लागले. मला फार वाईट वाटलं. मीटरवाला तरी काय करणार?

शेवटी वाट तुकारामानेच काढली. लाकडं वाहणाऱ्या एका मोडक्या ट्रकचा डायनामो त्याने आणला. एसीच्या मोटरने तो फिरवायचा, म्हणजे डायनामोतून सीधा करंट मिळणार. डायनामोवरच्या खुणा तेलाने पुसल्या होत्या. कुठली तार अधिक आणि कुठली उणे, कळेना. "दोनच तारा हायेत," तुकाराम म्हणाला. "एक तर बराबर लागनच."

* * *

मी मीटर बघायला दुकानात होतो, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक म्हणून अनसूयाबाई आल्या. शेतकऱ्याची दुसरी बायको. वारलेल्या पहिल्या बायकोच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तिला द्यायला घरातला एक पितळी गडवा, म्हणजे तांब्या, आणला होता. त्याच्यावर जुना मुलामा होता, पण काठाला उडालेला. पोरीला सासरी कोणी नावं ठेवू नयेत, चांगला चकचकीत करून द्या, म्हणाल्या, आणि तिथेच बसून राहिल्या.

रहीमभाईंनी बिस्मिल्ला म्हणून गडवा हौदात सोडला. मोटर घरघरली. बऱ्याच वेळाने बाहेर काढला तर होता तोही मुलामा गेलेला. तारा उलट्या लागल्या होत्या; गडव्यावरचं निकेल सुटून पट्टीवर जाऊन बसलं होतं. रहीमभाईंचा चेहरा पांढरा पडला. पहिलंच काम, तेही लग्नाचं. बाई बाजारात बोलली की दुकान संपलं. त्यांनी हात जोडले, फुकट करून देतो म्हणाले.

बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. पितळेवर टोचलेली अक्षरं वर आली होती. कोणीतरी ती अर्धवट घासून वरून मुलामा चढवला असावा.

"काय लिवलं हाय?" त्यांनी मला विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

मी वाचलं: पार्वती हिस, आईकडून.

बाईंनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "पार्वती म्हनजे पोरीची माय."

रहीमभाई घाईने तारा बदलायला लागले. आत्ता झाकतो म्हणाले. बाईंनी गडवा उचलून पदराने पुसला.

"नोका झाकू. माह्यावाला गडवा घरी हाय, तो उद्या आनून देईन. त्याले चढवा काय चढवाचं ते. हा असाच राहू द्या. पोरीले सांगीन, मायनं देला."