उभं ऱ्हावा, गुरुजी

"उभं ऱ्हावा गुरुजी, उभं ऱ्हावा!"

उसाच्या कडेला मी बुटाची नाडी बांधायला वाकलो, की मिस्तरी रस्त्यावरून ओरडायचे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, सगळ्या गावाची काळजी एकट्याच्याच डोक्यावर असल्यासारखा. मला वैताग यायचा. नाडीसुद्धा बांधायची नाही का राव?

"वाकल्यालं मानूस बिबट्याला शेळीवानी दिसतं," ते म्हणायचे. "उभ्याला त्यो भितो."

कळंबला हायवेच्या कडेला त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. वन खात्याला बिबट्याचे पिंजरे तेच बनवून द्यायचे. पिंजरा झाला की दार नीट पडतं का बघायला स्वतःच आत शिरायचे आणि आतून डोळा मारायचे. "हितंच तेवढं वाकायचं बरं का!" धाडकन दार पडायचं, आणि आम्ही सगळे हसायचो.

कालव्याचं पाणी आलं, घरांच्या भिंतीपर्यंत ऊस आला, आणि उसात बिबट्या राहायला आला. माझी शाळा होती त्या वस्तीवरची मादी पुढच्या एका पायानं लंगडायची. कुत्री आणि एखादी शेळी यावर तिनं कित्येक वर्षं भागवलं, माणसाच्या वाटेला कधी गेली नाही. मिस्तरींचं घरही त्याच वस्तीवर. ते तिला 'आमची लंगडी' म्हणायचे.

एका हिवाळ्यात तिनं लागोपाठ दोन शेळ्या नेल्या आणि वस्ती खवळली. पिंजरा मागायचा ठरलं. अर्ज लिहायला अर्थात गुरुजीच! मिस्तरी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"नका लिहू गुरुजी. हिला न्हेली, तर हिच्या जागंवर दुसरं येनार. ते आपल्या वळखीचं नसंल."

"आणि उद्या एखादं पोर गेलं तर? तुम्ही जबाबदारी घ्याल?"

ते पाठ फिरवून निघून गेले. मला वाटलं, जिंकलो. अर्ज मी चांगल्या ठसठशीत अक्षरात लिहिला.

लंगडी सापडली. खात्याच्या गाडीनं तिला लांबच्या जंगलात नेऊन सोडलं. वस्तीनं नारळ फोडला.

महिनाभर सगळं शांत होतं. मग कुत्री कमी व्हायला लागली. पंधरा दिवसांत भुंकायला एक कुत्रं उरलं नाही. मिस्तरी ओढ्याच्या वाळूत ठसे बघून आले. "लई मोठा हाय. चारी पाय धड हायेत," एवढंच म्हणाले, आणि समोरचा चहा तसाच ठेवून गेले. त्यानंतर त्यांचं ओरडणं वाढलं. खुरपणाऱ्या बायांवर, भांडी घासणाऱ्या म्हातारीवर. बाया चिडायच्या. उभ्यानं खुरपतंय कोण?

त्या आठवड्यात शेतपंपाची लाईट सकाळची होती. मिस्तरी उसाला पाणी द्यायला गेले ते परतलेच नाहीत. पाट फुटला असणार. आम्ही पोचलो तेव्हा फुटल्या जागी थापलेला चिखल अजून ओला होता आणि त्यावर त्यांच्या दोन्ही हातांचे ठसे होते. ते स्वतः आत उसात सापडले.

माझ्या अर्जानं गेले ते. तसं कोणी बोललं नाही, पण मी म्हणतो.

दुपारी खात्यानं त्याच पाटाशी पिंजरा आणून ठेवला, मिस्तरींच्याच हातचा. "दार बघून घ्या कुणीतरी," गार्ड म्हणाला. कुणी हललं नाही. मग मी पुढं झालो, वाकलो, आणि आत शिरलो. पाठीमागं ऊस सळसळत होता. ओरडणारं कुणी नव्हतं.