बादली कोणी ओतली?

त्यांचं पहिलं वाक्य नेहमी एकाच शब्दाचं असायचं: "थांब." बोरिवलीच्या आमच्या शॅम्पू कारखान्यातल्या या केमिस्टना म्हणून सगळे थांबाबाई म्हणत. बाई गोराईच्या. रोज बोटीनं खाडी ओलांडून यायच्या आणि तरी आमच्या आधी पोचायच्या.

त्यांच्या हाताखाली शिकणारी मी मात्र घाईची. वडील युनियनवाले, घरभर पत्रकांचे गठ्ठे. अन्याय दिसला की लिहायचं, एवढंच शिकलेली.

बाईंनी पॉलिमर शिकवला. पाण्यात विरघळणाऱ्या लांबलचक साखळ्या, केस मऊ करणाऱ्या. फेस आणणाऱ्या रसायनाचा विद्युतभार याच्या उलट, त्यामुळे दोघं एकमेकांना घट्ट धरतात. "फेसवाल्याची टाकी भरलेली ठेव, त्यात पॉलिमरचं पाणी बारीक धारेनं सोड. फेसवालं कमी पडलं की गोळे धरतात. बाटलीत गोळा झाला तर बॅच गेली. न्हाताना पाणी पडून डोक्यावर झाला तर काम झालं!"

एकदा वेळ वाचवायला मी उलटं केलं. फेसवाल्याची बादली सरळ पॉलिमरच्या टाकीत उपडी केली. दूध नासावं तसे गोळे झाले. मॅनेजर मशीनवरच्या पेडणेकरमामांवर तडकला, "उद्यापासून येऊ नकोस!" मामा मला हळूच म्हणाले, "जांवदे गो, तू शिकतंस अजून."

माझं रक्त उसळलं. जेवणाच्या सुट्टीत मी पानभर पत्रक लिहिलं: कामगाराला चौकशीशिवाय काढणाऱ्या मुजोरीविरुद्ध. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. अभिमानानं बाईंना दाखवलं.

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. "थांब. झकास लिहिलंयस. पण यात बादली कोणी ओतली?"

मी पत्रक घडी करून खिशात टाकलं, बॅचच्या कागदावर झालेली चूक आणि खाली माझं नाव लिहिलं, आणि मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिले. त्यानं मला भरपूर सुनावलं. मामांची नोकरी राहिली. तोवर बाईंनी त्याच टाकीत उरलेलं फेसवालं हळूहळू सोडायला घेतलं होतं. मामा ढवळत होते. संध्याकाळपर्यंत गोळे विरघळून टाकी आरपार दिसू लागली.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. जेट्टीवर सोडायला गेले तेव्हा म्हणाल्या, "पत्रकं काढणं सोडू नकोस गं. फक्त छापायच्या आधी..."

"थांबेन, बाई."

आता प्रत्येक मसुद्याच्या डोक्यावर मी पेन्सिलीनं त्यांचा प्रश्न लिहिते. कधी कधी उत्तरात माझंच नाव येतं. मग पत्रकाची सुरुवात तिथूनच करते.