वन्संची विरळणी

नितीनचा फोन आला तेव्हा मी खेळत होते. तीन मिनिटांचा डाव, माझ्याकडे उरलेले चाळीस सेकंद, समोर कुठल्या तरी लांबच्या देशातला माणूस, आणि कधी नव्हे ते मी जिंकत होते. स्क्रीनवर वरून नितीनचं नाव उतरलं, ते मी अंगठ्यानं वर सारलं. पुन्हा उतरलं, पुन्हा सारलं. डाव जिंकले आणि मग सावकाश फोन लावला, "हं, बोल रे बाबा." नितीन म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा, पिंपळगाव बसवंतला असतो. तो म्हणाला, "मामी, आई गेली."... याला आता सात आठवडे झाले, पण ते दोनदा सारणं काही अंगठ्यातून जात नाही. कुणाला सांगितलं तर म्हणतील, काय बाई आहे! पण खुद्द वन्संना सांगितलं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं, "जिंकलीस का?" आणि हो म्हटल्यावर म्हणाल्या असत्या, "मग बरं केलंस कापलास ते." डाव चालू असताना फोन घ्यायचा नाही हा नियम त्यांचाच. व्याह्यांचा फोन त्यांनी तोंड वाकडं करून कापलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय.

सुलोचनाबाई, आमच्या ह्यांची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणायचे. आमचं लग्न झालं त्या पहिल्याच उन्हाळ्यात त्या माहेरपणाला देवळ्याला आल्या आणि दुपारी भांडी आवरल्यावर मला म्हणाल्या, "येतं का काही, का नुसतंच शिवण?" मला शिवण येत होतं, तेवढंच. त्यांनी पुठ्ठ्यावर घरं आखून मला बुद्धिबळ शिकवलं. सासरेबुवांकडून त्या शिकलेल्या, तेही आपल्या जुन्या देशी पद्धतीचं. त्यात प्यादं पहिल्यांदासुद्धा एकच घर चालतं आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची उडी मारता येते. मग त्या पिंपळगावात द्राक्षबागेत गुंतल्या, मी नाशकात सिडकोमध्ये शिवणक्लास काढला, आणि तो पुठ्ठा कुठे गेला देव जाणे. पुढे टाळेबंदीत सगळे घरात कोंडले गेले तेव्हा नितीननं आईच्या फोनवर बुद्धिबळ टाकून दिलं आणि माझ्या फोनवर कसं घ्यायचं तेही सांगितलं. पहिल्याच डावात वन्संचा वैतागून फोन. "मंगल, हा फोन बिघडलाय गं. राजाला उडी मारू देईना!" मी हसून हसून बेजार. आता असले नियम नसतात म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे राजाची एक उडी पण काढून घेतली? लय वाईट झालं."

मग काय, रोज दुपारी तीन वाजता एकमेकींशी दोन डाव, आणि उरलेल्या वेळात जगाशी. तीन मिनिटं तुम्हाला, तीन मिनिटं समोरच्याला; ज्याची संपली तो मेला, पटावर कितीही राज्य असो. वन्सं सपाटून हरायच्या. जिंकलं की वाढतं आणि हरलं की उतरतं ते रेटिंग त्यांचं असं घसरत गेलं की त्यांना वाटलं, खाली शून्य आलं की फोन बंद पडत असेल. कुणी तरी व्हिडिओ बघायला सांगितले. त्यातला बाप्या छाती काढून सांगायचा, हल्ला करा, मोहरा बळी द्या, राजावर तुटून पडा! वन्सं तुटून पडायच्या. दहाव्या-बाराव्या खेळीला त्यांचा वजीर एकटाच शत्रूच्या घरात सापडायचा, आणि मग मला फोन, "मंगल, त्या उंटावरच्या शहाण्याचं ऐकून परत माती झाली." मला सांगायलाही तोंड नव्हतं, कारण माझं वरातीमागून घोडं! माझा घोडा निघेपर्यंत डाव संपलेला असायचा.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला, मणी विरळणीच्या दिवसांत, मी दोन दिवस पिंपळगावला गेले होते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. द्राक्षाचा घड मणी धरतो तेव्हा तो गच्च असतो, आणि त्यातले निम्म्याच्या वर मणी बारीक कात्रीनं काढून टाकावे लागतात. पंधरा-वीस बायकांची टोळी मांडवाखाली वर हात करून दिवसभर हेच करते, आणि त्या टोळीच्या म्होरक्या वन्सं. घड हातात घेतला, एकदा फिरवला, कच कच कच, पुढचा. विचार करायला अर्धा क्षणसुद्धा नाही. खाली हिरव्या मण्यांचा सडा. मी चिंधीसुद्धा न टाकणारी बाई. म्हटलं, "वन्सं, काय हे! चांगले मणी आहेत." त्या वरच बघत म्हणाल्या, "चांगलेच हायेत गं. पण गर्दी ठेवली तर एकबी फुगत नाय. कुणाला ठेवायचं ते कळलं की बाकीचं काढायला वेळ लागत नाय."

संध्याकाळी चहा पिता पिता आम्ही त्यांचे जुने डाव उघडून बघत होतो. हरलेले बघून झाले, मग चुकून जिंकलेले निघाले, सात-आठच असतील. एकामागोमाग एक बघताना माझ्या लक्षात आलं की सगळ्यांत शेवटी पट रिकामा आहे. वजीर नाहीत, घोडे नाहीत. चार प्यादी, एखादा हत्ती, आणि त्यात वन्सं अशा सरसर चाललेल्या की समोरच्याला श्वास घेऊ दिलेला नाही. मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही विरळणी करता तेव्हा जिंकता." त्यांनी कप खाली ठेवला. फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा पुसला, आणि ते सगळे डाव पुन्हा पहिल्यापासून बघितले. मग एवढंच म्हणाल्या, "आयला."

त्या दिवसापासून व्हिडिओ बंद. समोरच्यानं घोडा दाखवला की आपला देऊन त्याचा घ्यायचा, घोड्यावर घोडा, उंटावर उंट, आणि वजिरावर वजीर तर अगदी हौसेनं. "घे बाबा, दे बाबा, मोकळं कर," असं पुटपुटत खेळायच्या. बघता बघता घसरलेलं सगळं भरून निघालं आणि मला तर त्या मागे टाकून गेल्या. गंमत म्हणजे मीही त्यांची नक्कल सुरू केली आणि धडाधड हरायला लागले. तेव्हा त्यांनी मला झापलं. "तू कशाला विरळणी करतीस? तुला सुटतंय का काही हातातून? कपाटात वीस वर्षांच्या चिंध्या हायेत तुझ्या. तू गर्दीतच खेळ. सगळं धरून बस, समोरच्याला गुदमरू दे. फक्त घड्याळाकडं बघत जा गं बाई, तू तिथं मरतीस." इतकी वर्षं माझ्या चिवटपणाला सगळे नावं ठेवत आले, सासूबाई, हे, आमची मुलंसुद्धा. असं खेळ म्हणून त्याच्यावर बोट ठेवणारी ही एकच बाई. जित्याची खोड मोडायची नसते, तिच्याकडून काम करून घ्यायचं असतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर नणंदेनं शिकवलं.

मग गेल्या वर्षी त्यांचं पोटाचं दुखणं निघालं, आणि ते साधं नव्हतं. औषधं सुरू झाली तशी बोटांची टोकं बधिर झाली. ज्या बोटांनी मण्याला धक्का न लावता देठ कापला, त्यांना फोनची काच लागतेय की नाही तेच कळेना. उचललेला हत्ती भलत्याच घरात पडायचा. डोकं तसंच तल्लख, पण हातांना वेळ पुरेना, आणि त्या जिंकत आलेले डाव घड्याळावर हरू लागल्या. मला ते बघवेना. मी काय केलं, तर माझा वजीर "चुकून" त्यांच्या तोंडात देऊ लागले. आणि आमच्या त्या खेळात एक अधिकचं चिन्ह असतं, ते दाबलं की आपल्या प्रतिस्पर्ध्याला पंधरा सेकंद जास्त मिळतात. एका दुपारी मी ते दाबलं. मग आणखी एकदा, मग आणखी.

डाव मध्येच थांबला आणि फोन वाजला. "मंगल, मला वेळ तू दिलास?"

"चुकून हात लागला, वन्सं."

"तीनदा?" मग त्या इतक्या हळू आवाजात बोलल्या की मला फोन कानात खुपसावा लागला. "डॉक्टर मला वेळ देईना, आन् तू देतीस व्हय?"

त्यानंतर त्यांनी माझ्याशी खेळणं बंद केलं. मी तीन वाजता डाव पाठवायचे, तो तसाच पडून राहायचा. बाकीच्यांशी त्या खेळत होत्या, मला दिसत होतं. माझा जीव कसा कासावीस झाला ते सांगता येणार नाही. नणंद-भावजयीचे अबोले मी खूप बघितलेत, पण हा आता मिटला नाही तर कधीच मिटणार नाही, हे मला स्वच्छ कळत होतं. एसटीनं पिंपळगावला गेले. त्यांनी नीट बोलून, माझ्या आवडीची ठेचा-भाकरी सुनेकडून करवून मला जेवायला घातलं. सगळं बोलल्या, खेळाचं सोडून. शेवटी मीच म्हटलं, "वन्सं, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "तू मला म्हातारी केलीस गं. आजारानं नव्हती केली." आणि मग, "भात घे अजून." येताना बसमध्ये मी तोंडाला पदर लावून बसले होते.

अबोल्याच्या अठराव्या दिवशी तीन वाजता फोन टुणकन वाजला. वन्संचा डाव. मी क्लासमधल्या मुलींना म्हटलं, जा गं बायांनो, आज सुट्टी. मला माहीत होतं की आता एक जरी खेळी मी दयेनं केली तर त्यांना ती कळेल आणि मग संपलंच. मग मी तेच केलं, जे त्यांनी मला शिकवलं होतं आणि जे त्यांना सगळ्यात जाचतं. गर्दी केली. त्यांनी घोड्यावर घोडा आणला, मी बाजूला झाले. उंटावर उंट, मी प्यादं मध्ये घातलं. वजिरासमोर वजीर आणून ठेवला, एकदा, दोनदा, तीनदा... तिन्ही वेळा मी माझा वजीर मागे घेतला. पट गच्च भरलेला, कुठे पाय ठेवायला जागा नाही. आणि जन्मात पहिल्यांदा मी घड्याळाकडे बघत खेळत होते. त्यांचं घड्याळ. तीस, एकवीस, बारा. एकदा त्यांचा हत्ती चुकीच्या घरात पडला, तो मी मारला. ते अधिकचं चिन्ह तिथेच होतं, माझ्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर. सहा, चार... त्यांची वेळ संपली. मी जिंकले, आणि हमसून हमसून रडायला लागले.

लगेच फोन. दम लागलेला, पण हसत होत्या. "लय हरामी खेळलीस! जरा म्हणून मोकळं केलं नाय म्हातारीला."

"वन्सं..."

"आता रडती कशाला? जिंकलीस ना? अशी खेळत जा. मला बरं वाटलं, बघ."

तो आमचा शेवटचा डाव. दोन दिवसांनी त्यांना दवाखान्यात हलवलं आणि तिथे मग फोनबिन काही राहिला नाही. भेटायला गेले तर ग्लानीत होत्या. मी हात हातात घेऊन बसले, तर बोटं मधूनमधून माझ्या तळहातावर हलायची, चिमटीत काही तरी धरल्यासारखी. घड फिरवत होत्या की मोहरा, मला कळलं नाही. मी विचारलं, "वन्सं, काय काढताय?" मी हात धरूनच ठेवला.

फार आठवण येते. माझ्याशी त्या एका शब्दानंसुद्धा बोलल्या नसत्या तरी चाललं असतं, अबोला धरला असता तरी चाललं असतं, पण असायला हव्या होत्या. हल्ली मी रोज तीन वाजता अनोळखी लोकांशी खेळते. माझं रेटिंग उतरत चाललंय. बहुतेक डाव बरे खेळते, पण मधूनच एखादा असा भेटतो, जो पहिल्यापासून घे-दे करत पट मोकळा करत येतो. कोण असेल, कुठला असेल, काय माहीत. मग माझा हात जड होतो. परवा हे चहा घेऊन आले आणि मागे उभं राहून बघत होते. समोरच्यानं वजिरासमोर वजीर आणून ठेवला होता. मी एका प्याद्यानं पुढे होते, सगळं दिसत होतं. यांना त्यातलं थोडंफार कळतं. ते म्हणाले, "अगं घे ना. सरळ जिंकतेस." मी नुसती बघत बसले. घड्याळ शून्यावर गेलं, मी हरले. "थांबलीस कशाला?" हे विचारत होते. यांना काय सांगू... घेतला असता तर डाव लवकर संपला असता.